डाव्या कानातला मोती

शिरगावच्या कमलाकांत तांडेलाला समुद्रातल्या कुठल्याही गोष्टीचं भय नव्हतं. वादळ, बुडातला खडक, भर दर्यात बंद पडणारं इंजिन, सगळ्यांशी त्याची आयुष्यभर भांडणं झाली होती आणि दरवेळी तो घरी जेवायला परत आला होता. आता तांडेल म्हणून बोट मुलगा चालवत होता. कमलाकांत किनाऱ्यावर बसून जाळी सांधायचा आणि कुणी विचारो न विचारो, प्रत्येकाला सल्ला द्यायचा. भीती त्याला एकाच व्यक्तीची वाटायची, ती म्हणजे बायकोची. जमना कधी आवाज चढवायची नाही, हीच तर अडचण होती. ती नुसती बघायची.

सुरुवात झाली त्यांच्या मुलीमुळे. हेमाली पालघरला एका कचेरीत लागली होती. नोकरी कायम झाली तशी आईला काहीतरी घेऊन द्यायचंच, असा हट्ट धरून एका रविवारी ती आईबापांना तिथल्याच बाजारात घेऊन गेली. जमना त्याच बाजारात वर्षानुवर्षं सुकी मासळी विकत होती, पण गिऱ्हाईक म्हणून दागिन्यांच्या दुकानाची पायरी चढायची तिची ही पहिलीच वेळ.

"सोनं हाय माझ्याकडं," ती म्हणाली. "मला काहीतरी रंगाचं बघ."

दुकानदार कृष्णकांतशेठ भला माणूस होता. त्याने काचेवर ट्रे मांडले. पांढरे मोती, गुलाबी मोती, तपकिरी मोती. जमनाचा हात सरळ गेला तो एका काळसर जोडीवर. चांदीच्या हुकाला लटकणारा एकेक मोती, उजेडात फिरवला की आधी निळा, मग हिरवा, आणि अगदी कडेला तांबूस झाक.

"बांगड्याच्या पाठीसारखा हाय गो," जमना हळूच म्हणाली. ताजा बांगडा तिला किती प्रिय हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांना कळलं असतं की सौदा इथेच झाला.

"मावशी, नजर चांगली आहे तुमची," कृष्णकांतशेठ म्हणाला. "पण आधीच सांगून ठेवतो. मोती खरा आहे, शिंपल्यातलाच. पण हा रंग त्याचा स्वतःचा नाही, वरून दिलेला आहे. गोड्या पाण्यातल्या मोत्याला असा गडद रंग निसर्गतः येत नाही."

पंख्याखाली डुलकी घेणारा कमलाकांत खडबडून जागा झाला.

"गोड्या पाण्यातला?"

"हो काका. तळ्यात शिंपले वाढवतात, त्यातला."

"तळ्यातला!" कमलाकांतने हेमालीकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग छताकडे. "आमच्या घरात तळ्यातला मासा पन शिजत नाय. आनि तांडेलाच्या बायकोनं कानात तळ्यातला मोती घालायचा? तो पन रंग फासलेला?"

"तुमच्या मिशीला काय दर्यानं रंग दिलाय?" जमनाने विचारलं.

कमलाकांत पुन्हा पंख्याखाली जाऊन बसला.

त्यानंतर जमनाने जी निवड केली, ती बघायला शेजारच्या दुकानातला माणूस येऊन उभा राहिला. ती प्रत्येक जोडी दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात नेई. तळहातावर लोळवून बघे. कृष्णकांतशेठने तिला सांगितलं की मोत्याला जिथे भोक पाडतात तिथे बघावं, रंग वाईट असला तर त्या तोंडाशी डागासारखा साचलेला दिसतो. मग तिने एकूण एक भोक तपासलं. एक जोडी तर तिने नुसती बघूनच परत केली. "ह्या दोगी बहिनी नायत," ती म्हणाली. "शेजारनी हायत." शेवटी तिला पटली ती पहिलीच, जिच्यावर हात गेला होता.

निघताना शेठने काळजी कशी घ्यायची ते सांगितलं. सगळ्यात शेवटी घालायचे, सगळ्यात आधी काढायचे. पावडर, तेल, अत्तर लावायचं ते कानातले घालायच्या आधी. घाम लागला तर मऊ फडक्याने टिपून घ्यायचा. साबण नको, लिंबू-चिंच नको, उन्हात ठेवायचे नाहीत. बाकीच्या दागिन्यांत टाकायचे नाहीत, मोत्याला ओरखडे लवकर पडतात.

जमनाने सगळं एकदा ऐकलं आणि तो घरचा कायदा झाला.

कानातल्यांची घरात जी बडदास्त सुरू झाली, तशी कमलाकांतची लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीलाही झाली नव्हती. त्याचा सगळ्यात मऊ, धुऊन धुऊन लोण्यासारखा झालेला रुमाल मोती पुसायला गेला. कपाटातला वरचा कप्पा, जिथे तो तंबाखूची डबी ठेवायचा, तो मोत्यांना मिळाला, कारण तिथे ऊन येत नव्हतं. देवळातून आल्याबरोबर जमना आधी कानातले काढी, दमाने पुसे, फुंकर घाली, कापडी पिशवीत ठेवी, पिशवी डबीत ठेवी, आणि मगच विचारी, "जेवलात काय?"

"मी पन घामानं खराब होतो," कमलाकांत एकदा म्हणाला.

"तुमी आदीच झालेले हाव," जमना म्हणाली.

किनाऱ्यावर चिंतू तांडेल जाळं सांधायला शेजारी बसायचा. त्याच्या कानावर ही बातमी गेलीच. "रंगवलेला मोती?" चिंतू म्हणाला. "एक दिवस गळंल तो रंग. तुझ्या बायकोला फसवली रं." त्याला दुसऱ्याच्या घरातली चूक दाखवायला फार आवडायचं. त्या दिवसापासून कमलाकांतच्या डोक्यात एकच किडा वळवळू लागला. रंग कच्चा आहे हे एकदा सिद्ध करायचं. बायकोसमोर नव्हे, नुसतं स्वतःच्या समाधानासाठी.

संधी चालून आली. मुरब्याला राहणाऱ्या जमनाच्या भावाची, प्रफुल्लची मुलगी रुचिता, तिचा साखरपुडा ठरला. मुलाकडची माणसं विरारची, त्यांना बोईसर स्टेशनावरून सोयीचं पडावं म्हणून बेटेगावात हॉल घेतला. जमना मदतीला चार दिवस आधीच माहेरी निघाली. कानातले मात्र तिने नेले नाहीत. भावाच्या घरात पाहुण्यांची पोरं भरलेली, कोण कशाला हात लावील नेम नाही.

"येताना डबी घेऊन या," तिने नवऱ्याला बजावलं. "हॉलमधीच घालीन. आनि डबी उघडायची नाय."

एवढं शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं.

पहिला दिवस कमलाकांतने कळ काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी हेमाली कचेरीत होती, मुलगा दर्यावर होता. कमलाकांतने दार लोटून घेतलं, डबी उघडली आणि डाव्या हाताला जो आला तो मोती कापसाच्या ओल्या बोळ्याने पुसला. बोळा पांढराच राहिला. थोडं चोळून पुसला. पांढराच. याने त्याला आनंद व्हायला हवा होता, पण चिंतूचा चेहरा डोळ्यांसमोर नाचत होता. त्याने आजूबाजूला पाहिलं. फळीवर हेमालीची नखांचा रंग काढायची बाटली होती. नखाचा रंग म्हणजेही रंगच, असा त्याने सरळ हिशेब केला, बोळा त्यात बुडवला आणि मोत्यावर फिरवला.

बोळा निळाहिरवा झाला.

"बगा!" कमलाकांत रिकाम्या घरात ओरडला. "काय बोललो व्हतो मी? तळ्यातला मोती!"

विजयाचा हा आनंद फार वेळ टिकला नाही. कारण मग त्याने बोळ्याकडे बघायचं सोडून मोत्याकडे पाहिलं. बांगड्याची पाठ गेली होती. उरला होता तो शिळ्या माशाचा डोळा, पांढुरका, मध्येच राखाडी, जागोजागी डाग पडलेला. त्याच्याशेजारी उजवा मोती तसाच ऐटीत चमकत होता. दोघं आता शेजारीसुद्धा वाटत नव्हते.

कमलाकांत पाटावर बसला. एकदा ऐन वादळात सुकाणू तुटलं होतं, तेव्हाही त्याची अशी गत झाली नव्हती. त्या वेळी निदान शिव्या देता आल्या होत्या.

हेमालीला सांगायची सोय नव्हती, ती फोन उचलून आईलाच सांगेल. दुकानात जायचं तर त्या शेठला काय तोंड दाखवायचं? त्याने स्वतः सगळं आधीच सांगितलं होतं. मग कमलाकांतला भाचा आठवला. बहिणीचा मुलगा कुंदन, बोईसरला औद्योगिक वसाहतीत नोकरीला. आणि कुठे? रंग बनवायच्या कारखान्यात! देव आहे, कमलाकांतला पटलं.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी तो कुंदनच्या खोलीवर पोचला. कुंदन नुकताच पाळी संपवून आला होता, अंगात कंपनीचा गणवेश. त्याचा खोलीतला सोबती मनीष बिहारकडचा, तो स्टोव्हवर भात टाकत होता.

कुंदनने मोती पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मामा, कंपनीतून रंगाचा कणसुद्धा बाहेर आणता येत नाय. गेटावर झडती घेतात."

"मंग तुझ्या अंगावर हा काय हाय?"

कुंदनने स्वतःकडे खाली पाहिलं. गणवेशाच्या कॉलरवर निळं होतं. दोन्ही गुडघ्यांवर हिरवं होतं. खिशापासून पोटापर्यंत जांभळा ओघळ आला होता.

"मामा, नाय."

"कुंदन्या, तुझी मामी मला नुसती बघंल रं."

कुंदनने मामीला तसं बघताना पाहिलेलं होतं. त्याने गणवेश काढला.

मग त्या खोलीत रंगकाम सुरू झालं. मनीषने स्टीलची वाटी दिली. कॉलर भिजवून निळं पिळलं, गुडघे भिजवून हिरवं पिळलं. वाटीत खरोखरच मोरपंखी पाणी तयार झालं आणि तिघंही त्याच्याकडे कौतुकाने बघत बसले.

"चाचा, गरम पानी में डालो," मनीष म्हणाला. "तब रंग पकड़ेगा."

"गरम नको. वो मोती हाय, अंडा नाय."

हुक हातात धरून कमलाकांतने मोती अलगद पाण्यात सोडला. गणवेश मात्र कुंदनने वरच दोरीवर टाकला होता आणि त्याच्या खिशाचं जांभळं पाणी थेंब थेंब वाटीत पडत होतं, हे बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. मोती बाहेर काढला तेव्हा तो ओला होता आणि हुबेहूब उजव्यासारखा दिसत होता. कमलाकांतने भाच्याला मिठी मारली. मनीषने भात उतरवला. तिघं पोटभर जेवले. हात धुऊन कमलाकांतने मोती पुन्हा पाहिला, तर तो वाळला होता आणि वाळता वाळता पक्का जांभळा झाला होता.

"चाचा," मनीष हळूच म्हणाला, "ये तो जामुन हो गया."

"परत बुडवू," कमलाकांत म्हणाला.

"परत बुडवला तर वांगं होईल, मामा," कुंदन म्हणाला. "राहू दे. मामी कानात घालील, स्वतःचा कान स्वतःला कुठं दिसतो?"

त्या रात्री कमलाकांतला झोप लागली ती याच एका वाक्याच्या आधारावर.

दुसऱ्या दिवशी बेटेगावच्या हॉलमध्ये बायकांच्या खोलीत आरशासमोर इतकी गर्दी होती की आरसा कुठे आहे तेही दिसत नव्हतं. जमना दाराशी आली. नऊवारी, वेणी, पावडर, सगळं आटोपलं होतं. कायद्याप्रमाणे कानातले शेवटी.

"हे घे, जमनाबाय," कमलाकांत म्हणाला आणि डबी पुढे केली.

जमनाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग डबी उघडली, पिशवीत बोटं घातली, दोन्ही मोती चाचपून कानात अडकवले आणि बाहेर आली. डाव्या कानात जांभूळ, उजव्या कानात बांगडा.

कमलाकांत चटकन तिच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. त्या क्षणापासून त्याने ती जागा सोडली नाही.

जमना स्टेजकडे निघाली, हाही निघाला. ती भटजींना सुपारी द्यायला वाकली, हाही वाकला. ती अचानक मागे वळली की याला तिच्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालून पुन्हा डावी बाजू गाठावी लागे, आणि जमना त्या दिवशी फार वळत होती. एकदा तर कमलाकांत फिरता फिरता फुलांच्या कमानीत अडकला आणि डोक्यावर झेंडूची माळ घेऊनच बाहेर आला.

"काय वो भावजी," प्रफुल्लची बायको हसत म्हणाली, "चार दिस सोडून राह्यलात तं एवडी आठवन आली?"

"गर्दी हाय," कमलाकांत म्हणाला. "धक्का लागंल तिला."

बायकांत खसखस पिकली. मुरब्याच्या म्हाताऱ्या आपापल्या नवऱ्यांना कोपराने ढोसू लागल्या. बघा जरा, तांडेल बायकोला कसा जपतो! ते नवरे कमलाकांतकडे असे बघू लागले, जणू त्याने त्यांच्या जाळ्याला ब्लेड लावलं आहे. ज्या माणसाने आजवर बायकोच्या चार पावलं पुढे चालण्यात धन्यता मानली, तो आज सावलीसारखा चिकटला होता. फोटोग्राफर अक्षय वैतागला. "काका, तुम्ही उजवीकडे या ना, काकूंचा चेहरा झाकला जातोय."

"मी डावीकडंच बरा दिसतो," कमलाकांत म्हणाला.

जेवणाच्या वेळी मात्र घात झाला. पंगतीत डावीकडच्या खुर्चीवर मुलाची आई येऊन बसली. विरारची, चष्म्याची, बोलायला गोड. व्याह्यांच्या घरच्या बाईला ऊठ कसं म्हणायचं? कमलाकांत जमनाच्या मागे उभा राहिला आणि श्रीखंडाचं भांडं मागून पुढे, पुढून मागे करू लागला, पण उशीर झाला होता.

"अय्या!" ती बाई म्हणाली. "दोन कानांत दोन रंग! किती छान दिसतंय. हल्ली मुली मुद्दाम असे वेगवेगळे घालतात. कुठून घेतलेत हो?"

कुंदन समोरच्या रांगेत बसला होता, त्याच्या हातातली पुरी हातातच राहिली.

जमनाने सावकाश घास गिळला. डाव्या कानाला हात लावला.

"आमच्या यांनी खास करून घेतलाय," ती म्हणाली. "बोईसरवरनं. त्यांची निवड हाय. त्यांनाच विचारा."

आणि मान वळवून तिने कमलाकांतकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

मुलाच्या आईला मग सगळं जाणून घ्यायचं होतं. कारागीर कोण, रंग कसा देतात, किती दिवसांत करून मिळतं. कमलाकांतने सांगितलं की कारागीर मोठा आहे, पण फार लोकांचं काम घेत नाही. कुंदनला ठसका लागला तो पाणी पिऊनही थांबेना.

परतीच्या रिक्षात हेमाली पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि कानात इयरफोन घालून तिने डोळे मिटले. मागे नवराबायको. शिरगावच्या वाटेवर जमनाने कायद्याप्रमाणे आधी कानातले काढले, रुमालाने टिपले. डाव्या मोत्याने रुमालावर जांभळा ठिपका उमटवला.

"तुला कवा कळलं?" कमलाकांतने शेवटी विचारलं.

"डबी दिलीत तवाच. तुमी मला जमनाबाय म्हनालात. आनि पंगतीत कुंदनचा चेहरा बगून बोईसरचं कळलं."

"मंग बोलली का नाय?"

"काय बोलायचं? लगीन झाल्यापासून तुमी माझ्या बाजूला एवडा वेळ कवा उभं राह्यले होते? म्हटलं, चालतंय तोवर चालू दे." ती खिडकीबाहेर बघत होती, पण खांदे हलत होते. "मदी मदी मुद्दाम वळत व्हते मी. तुमी त्या कमानीत घुसलात ना, तवा मला इतकं हसू आलं, म्हटलं आता पावडर फुटंल."

कमलाकांतने मग सगळं सांगितलं. चिंतू, कापूस, हेमालीची बाटली, कुंदनचे गुडघे. जमना ऐकत होती. गुडघ्यांपाशी आल्यावर मात्र तिला राहवलं नाही, ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की हेमालीने एक डोळा उघडून मागे पाहिलं. कमलाकांतलाही मग हसू फुटलं. हसता हसता त्याने बायकोकडे पाहिलं आणि तो थबकला.

"जमने, तुझा कान."

डाव्या कानाची पाळी जांभळी झाली होती. हॉलमधल्या घामाने आपलं काम केलं होतं.

तो रंग बराच चिवट निघाला. साबणाने गेला नाही, खोबरेल तेलाने गेला नाही. हेमालीची ती बाटली लावून बघू का, असं कमलाकांतने विचारलं तेव्हा दोघी मायलेकींनी त्याला अंगणात काढलं. रविवारी हेमालीच आईला दुकानात घेऊन गेली. कृष्णकांतशेठने एकट्या मोत्याचा जोड शोधायचा प्रयत्न केला, पण तसाच दुसरा मिळेना, म्हणून जमनाने त्याच निळ्याहिरव्या रंगाची नवी जोडी पुन्हा पहिल्यापासून निवडली, अर्धा दिवस घेऊन. कमलाकांतला सोबत नेलं नव्हतं. जुनी विजोड जोडी तिने टाकली नाही. मधूनमधून ती घालते, विशेषतः चिंतू तांडेल घरी येणार असला की.

जांभळा कान घेऊनच जमना बाजारात बसत होती. सुके बोंबील घेता घेता बायका हमखास विचारायच्या, "कानाला काय झालं वो?"

"आमच्या यांनी रंगवला," जमना सांगायची आणि बोंबील मोजायला लागायची. त्याहून जास्त एक अक्षर नाही. बाकीचं बायका आपापल्या मनाने जोडून घेत आणि जाताना तोंडात पदर धरून हसत. कमलाकांतने त्या दिवसांत पालघरला जायचं बंद केलं. त्याचा न्हावी त्याच बाजारात, त्यामुळे दाढी वाढली. चिंतूने विचारलं, कुणाचा नवस आहे काय.

आणि एका सकाळी फोन वाजला. जमनाने उचलला, गोड आवाजात दोन शब्द बोलली आणि जाळ्यापाशी बसलेल्या नवऱ्यापुढे फोन धरला.

"घ्या. विरारच्या विहीनबाय हायत. त्यांना आनि त्यांच्या दोगी बहिनींना तसेच करून पायजेत."

कमलाकांतने फोनकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"नमस्कार, ताई," तो म्हणाला. "काय सांगू तुमाला, तो कारागीर गावाला गेलाय."